परतीचा रस्ता

‘आमची सहल’ हा निबंध तपासला नाही असा प्राथमिक शिक्षक आपल्यात सापडायचा नाही. तिसरी-चौथीच्या वह्या उघडा. पहाटे लवकर उठलो, आईने डबा दिला, बसमध्ये गाणी म्हटली, किल्ला पाहिला, फोटो काढले. दीड पान भरतं. आणि शेवटी एकच ओळ असते, ‘मग आम्ही घरी परतलो. ही सहल मी कधीच विसरणार नाही.’ जाण्याला दीड पान आणि येण्याला एक ओळ. रस्ता तोच असतो, अंतर तेवढंच असतं, पण परत येणं कोणी लिहीत नाही.

मुलंच कशाला, आपण मोठी माणसं तरी कुठं सांगतो? फोटो सगळे जातानाचे. येताना मोबाईलची बॅटरी संपलेली आणि माणसंही संपलेली. पण माझा अनुभव असा आहे, की सहलीत जे काही घडतं त्याचा अर्थ येताना लागतो. म्हणून हा लेख फक्त परतीवर लिहायचं ठरवलं आहे. शेवटी वर्गात घेण्यासारखा एक उपक्रमही दिला आहे.

गरवायला गेलो होतो

आम्ही चौघे डी.एड.चे मित्र. २००६ ते २००८ एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर भात शिजवला, पाठाची टाचणं एकमेकांची बघून काढली. त्या काळात डी.एड.ला नंबर लागला म्हणजे पोरगं नोकरीला लागलंच असं घरच्यांना वाटायचं. गावात पेढे वाटले जायचे. पुढं काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आमच्यातले दोघे २०१० च्या भरतीत लागलो, मी आणि आणखी एक. दोघेही जत तालुक्यातच आहोत. तिसरा २०१७ ची अभियोग्यता चाचणी देऊन २०१९ ला पवित्र पोर्टलमधून लागला तो थेट रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात. सहा हजार मानधनावर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढली. आता कायम झाला आहे, आणि बदलीची वाट बघतो आहे.

चौथा लागला नाही. २०१० ला थोड्या मार्कांनी गेलं. २०१३ ला टीईटी पास झाला. २०१७ ची चाचणीही दिली, पण यादीत नाव आलं नाही. आज त्याची दोन एकर डाळिंबाची बाग आहे आणि एक बोलेरो आहे, तीच त्याची शेतीची आणि तीच आमची सहलीची गाडी.

२०२३ ची दिवाळी. भाऊबीज झाली आणि आम्ही तिघे त्या बोलेरोनं कोकणातल्या मित्राकडे गेलो. त्याच्या शाळेपासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. तिकडं गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गळानं मासे धरायला जाणं म्हणजे ‘गरवायला’ जाणं. आम्ही दुष्काळी तालुक्यातली माणसं. गळ म्हटलं की आम्हाला विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ आठवतो.

आम्हाला शिकवायला कोण होतं, तर मित्राच्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा. दोरी बोटावर कशी धरायची, कोळंबी गरीला कशी लावायची, मासा नुसता चाखतोय की गिळतोय हे बोटाला कसं कळतं, सगळं त्यानं सांगितलं. शिंगाळ्याला हात लावू नका, त्याचा काटा लागला की दुखतं, हेही त्यानंच बजावलं. मी मनात म्हटलं, वर्गात हाच मुलगा भागाकाराला घाबरत असेल कदाचित, पण इथं तो आमचा गुरुजी आहे.

बराच वेळ काही लागेना. मुलगा म्हणाला, “सर, अजून भरती यायचीय. भरतीच्या पाण्याबरोबर मासा काठाला येतो.”

मी विचारलं, “कधी येणार भरती?”

तो म्हणाला, “काल आली त्यापेक्षा थोडी उशिरा. रोज थोडी उशिरा येते, पण चुकत नाही कधी.”

अगदी बरोबर उत्तर. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं जाते हे आपण पुस्तकातून सांगतो, त्याला ते पायाखालच्या खडकानं सांगितलेलं. आमचा बागवाला मित्र मात्र हसला आणि म्हणाला, “तुमची चुकत नाय बाळा. आमच्याकडची भरती लई चुकते.”

आम्ही सगळे हसलो. मुलाला काही कळलं नाही, तो दोरी बघत होता. हसून झाल्यावर आमचा मित्र खडकाच्या टोकाला जाऊन एकटाच बसला. संध्याकाळपर्यंत एक तांबोशी आणि चार शिंगाळे मिळाले. मित्रानं बाजारातून आणखी थोडे घेऊन थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून बांधून दिले, “वहिनींना सांगा, सगळे तुम्हीच पकडलेत.”

एकच रस्ता, समुद्रापासून माळापर्यंत

दुसऱ्या दिवशी जेवून दुपारी निघालो. गुहागरहून निघालेला हा रस्ता चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड, विटा करत जतवरून विजापूरला जातो. म्हणजे समुद्राच्या काठावरून आमच्या माळापर्यंत एकच रस्ता. भूगोलाच्या शिक्षकाला याहून चांगलं फलक-लेखन मिळायचं नाही. गुहागर-चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. घाट चढून कोयनानगरला आलं की चार हजारांच्याही वर. आणि आमच्या जतला पाचशेच्या आसपास, तोही आला तर. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हा शब्द मुलं पाठ करतात. गाडीच्या खिडकीतून तो शब्द दिसतो. आधी नारळ-पोफळी, मग घाटातलं जंगल, मग पाटणची भातखाचरं, कराडचा ऊस, विट्याच्या पुढं ज्वारी आणि शेवटी कुसळाचा माळ.

घाटाच्या पायथ्याशी पोफळी लागतं. कोयना धरणाचं पाणी बोगद्यातून पश्चिमेकडं आणून इथल्या डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात सोडतात. वीज होते आणि पाणी वाशिष्ठी नदीतून समुद्राला जातं. धरणातलं दुसरं पाणी नदीच्या मूळ वाटेनं पूर्वेला येतं, कराडला कृष्णेला मिळतं. तिथून पुढं टेंभू आणि म्हैसाळच्या योजना कृष्णेचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं वर उचलून आमच्या दुष्काळी तालुक्यांकडं आणतात.

मागे बसलेला मित्र म्हणाला, “आपल्या कोकणातल्या भावाचं पण असंच झालं बघ. पोर्टलनं त्याला पश्चिमेला सोडलं. आता त्याला परत वर उचलायला किती पंप लागतील कुणास ठाऊक.”

घाटात असे विनोद चालू होते. जुन्या खोलीच्या गोष्टी निघाल्या. पाठ निरीक्षणाच्या वेळी खडूच विसरलेल्या एकाची गोष्ट निघाली. पाटणला चहा घेतला तोवर अंधार पडला होता.

कराडच्या पुढं

कराड सोडलं आणि गाडीतलं बोलणं कमी झालं. हे प्रत्येक परतीच्या प्रवासात होतं. जाताना सगळे एकदम बोलत असतात, कारण पुढं काहीतरी घडायचं असतं. येताना घडून गेलेलं असतं. पोट भरलेलं, अंग आंबलेलं, बर्फ वितळून पेटीतून पाणी ठिपकत असतं आणि मासळीचा वास गाडीभर झालेला असतो. मग गप्प बसायला कोणाला लाज वाटत नाही.

रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर समोरून येत होते. कारखाने सुरू झाले होते. मधूनच एखादी वेगळी गाडी यायची. त्यात ऊस नसायचा, माणसं असायची. बायका, पोरं, पत्र्याच्या पेट्या, चुलीची भांडी, एखादी शेळी. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या. त्यातल्या काही आमच्याच भागातल्या असणार. त्या वर्षी पाऊस कमीच झाला होता. आम्ही घरी चाललो होतो आणि ते घर सोडून चालले होते. रस्ता एकच.

बागवाला मित्र गाडी चालवत होता. समोरच्या गाडीचा उजेड तोंडावर आला की डोळे बारीक करायचा. तसंच समोर बघत तो म्हणाला,

“मी परीक्षा दिलीच न्हाय रं.”

मला आधी कळलंच नाही कुठली. मग कळलं. त्या वर्षी फेब्रुवारीत अभियोग्यता चाचणी झाली होती. त्या दिवाळीत पोर्टलची यादी कधी लागते याचीच सगळीकडं चर्चा होती.

“फॉर्मच भरला न्हाई. घरात वाटतंय दिलीया. सेंटरला जातो म्हणून सांगलीला गेलो. मार्केट यार्डात दिवसभर बसलो आणि संध्याकाळी आलो. आता आई रोज विचारती, यादी लागली का? बाजारातनं पेढं आणायला सांगून ठेवलंय तिनं शेजारच्या पोराला.”

कोणी काही बोललं नाही. मागचा मित्र जागा होता, त्याच्या श्वासावरून कळत होतं. मी समोर रस्त्याकडंच बघत राहिलो.

थोड्या वेळानं तोच पुढं म्हणाला, “कंटाळा आला म्हणून न्हाय. यंदा बहार धरायचा होता. क्लास लावला असता, अभ्यासाला बसलो असतो, तर बाग गेली असती. तेरा वर्षं मी अर्धा मास्तर आन् अर्धा शेतकरी हाय. दोन्हीकडं अर्धाच. मला एकदा पुरतं काहीतरी व्हायचं होतं.”

मागून मित्राचा हात पुढं आला. हातात सोललेलं संत्रं होतं. त्यातल्या दोन फोडी त्यानं ड्रायव्हरच्या हातावर ठेवल्या. एवढंच. मग तो म्हणाला, “बाग कशी हाय आता?”

आणि मग आमचा मित्र बोलायला लागला. विट्यापासून पुढं नागजपर्यंत बोलत होता. तेल्या रोग कसा येतो, फांदीवर आधी काय दिसतं, पानगळ कधी करायची, पाण्याचा ताण किती दिवस द्यायचा, कुठली फळं ठेवायची आणि कुठली तोडून टाकायची. मध्ये उदाहरणं देत होता, तुलना करत होता, ‘समजा’ म्हणून प्रश्न विचारत होता, आम्ही उत्तर दिलं की ‘का?’ म्हणत होता. मी ऐकत होतो आणि मला डी.एड.च्या वर्गातला तो आठवत होता. पाठ घ्यायला आम्ही सगळे घाबरायचो, तो कधीच घाबरला नाही. आमच्यात सगळ्यात चांगला शिक्षक तोच होता. आजही आहे, फक्त हजेरीपटावर त्याचं नाव नाही. शेजारची चार पोरं त्याच्या बागेत छाटणी शिकून आता स्वतःच्या बागा करतात, हे तो बोलता बोलता सहज सांगून गेला.

नागजच्या पुढं पवनचक्क्यांचे लाल दिवे दिसायला लागले की आम्हाला घर आल्यासारखं वाटतं. तेव्हा तो म्हणाला, “दोन दिवसात कुणीच मला भरतीचं विचारलं न्हाय, तवा बरं वाटलं. म्हणून सांगितलं.”

चार दिवसांनी त्याचा फोन आला. घरी सांगितलं होतं. आई काय म्हणाली विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आई म्हणली, सांगलीला परीक्षेला गेलास तवा पेन घरीच विसरलावतास. मला तवाच कळलंवतं. तू कधी सांगतोस त्याची वाट बघत हुते.”

तोंडं एका दिशेला

ही गोष्ट मी त्याला विचारून, त्याच्या परवानगीनं लिहितो आहे. लिहिण्याचं कारण मैत्रीपुरतं नाही, शिक्षक म्हणून आणि बाप म्हणून मला त्यात काहीतरी दिसलं.

तेरा वर्षांत आम्ही कितीतरी वेळा भेटलो. लग्नात, जत्रेत, हॉटेलात, समोरासमोर बसून. ‘काय, कसं चाललंय?’ ‘बरं चाललंय.’ एवढंच बोलणं व्हायचं. समोर बसलेल्या माणसाला उत्तर द्यावं लागतं. शेजारी बसलेल्या माणसाला सांगता येतं. गाडीत सगळ्यांची तोंडं एका दिशेला असतात, डोळ्याला डोळा नसतो, अंधार असतो, हाताला काम असतं आणि उतरायला अजून वेळ असतो. मनातलं बाहेर यायला एवढं पुरतं.

मुलांचं अगदी असंच असतं. पालकहो, शाळेतून आलेल्या मुलाला दारातच थांबवून ‘आज काय शिकवलं?’ विचारलं तर ‘काय नाय’ हेच उत्तर येणार. पण त्याच मुलाला मोटरसायकलवर मागे बसवून रानात न्या. शेंगा फोडताना, पालेभाजी निवडताना, गोठा झाडताना शेजारी बसवा आणि काहीच विचारू नका. दहा मिनिटांनी ते स्वतःहून सुरू करतं, “पप्पा, आज ना वर्गात…”

वर्गातही मी हे करून बघतो. एखादं मूल गप्प झालंय असं वाटलं तर त्याला टेबलाजवळ बोलावून विचारत नाही. झाडांना पाणी घालायला बरोबर नेतो किंवा वह्यांचा गठ्ठा लावायला घेतो. दोघांचे हात कामात असतात. कळायचं ते कळतं. नाही कळलं तर झाडांना पाणी तरी मिळतं.

आणि शाळेच्या सहलीत येतानाचा बसचा वेळ मोठमोठ्यानं गाणी लावून घालवू नये असं मला वाटतं. दोन तास तरी शांत असू द्यावेत. त्या वेळात शिक्षकानं पुढच्या सीटवरून उठून मुलांमध्ये जाऊन बसावं.

वर्गात करून बघा : उपक्रम ‘परत येताना’

इयत्ता तिसरी ते पाचवी. तास दोन.

१. मुलांना सांगा, आज सहलीवर लिहायचं नाही. कुठूनही परत येण्यावर लिहायचं आहे. बाजारातून, रानातून, मामाच्या गावाहून, दवाखान्यातून.

२. जातानाचं एकही वाक्य लिहायचं नाही. पहिलं वाक्य परतीच्या वाटेवरचंच पाहिजे.

३. आधी जोडीत सांगू द्या. समोरासमोर नाही, शेजारी बसवून. हाताला काहीतरी काम द्या, चिंचोके मोजायला दिले तरी चालतील.

४. ‘शेवटी खूप मजा आली’ हे वाक्य फळ्यावर लिहा आणि पुसून टाका. ते आज बंद.

५. शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नका. बोलीतले शब्द तसेच राहू द्या.

मी हा उपक्रम त्या दिवाळीनंतर माझ्या चौथीच्या वर्गात घेतला. सुरुवातीलाच एक पोरगा म्हणाला, “सर, आम्ही कुठं गेलूच न्हाय, तर परत कुठनं यायचं?” मग हळूहळू निघायला लागलं. एका मुलीनं लिहिलं, ‘जतच्या बाजारातून येताना आईच्या पिशवीला मी आणि ती एकेक बंद धरतो. रस्ता संपला की हात बदलतो.’ एकानं लिहिलं, ‘मामाच्या गावावरून येताना एसटीत मी खिडकीला बसत नाही कारण मला गाव मागे जाताना बघू वाटत नाही.’

एका मुलाची वही कोरी होती. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. तो आजीजवळ राहून हंगामी वसतिगृहात जेवायचा. मी जवळ जाऊन काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “माझं अजून आलं न्हाईत. आलं की लिवतो.”

मी म्हटलं, “चालतंय. जागा ठेव.”

त्यानं वहीत खरंच दोन पानं सोडली आणि पुढच्या पानावर दुसरा अभ्यास लिहायला लागला. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फेब्रुवारीत शिक्षक भरतीची यादी लागली. कोणाकोणाचे पेढे आले. मित्राचा फोन आला, तो बागेत होता, फळ तोडणी चालू होती. मार्च संपत आला. ती दोन पानं कोरीच होती.

एप्रिलमध्ये एका सकाळी त्यानं वही आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसला. पान भरलं होतं. त्याच्या परवानगीनं, चुका न सुधारता त्यातला थोडा भाग देतो :

‘रात्री टॅक्टरचा आवाज आला. आधी आमचं कुत्रं उठलं. मग आजी उठली. मी जागाच हुतो पण झोपल्यावानी केलं. आईनं माझ्या आंगावरची वाकळ काढली आणि म्हणली किती लांब झालायस रं. तिच्या हाताला पाचटानं कापलेलं हुतं ते माझ्या गालाला लागलं. मग मी उटून उबा राहिलो. उंची दावायला.’

मी त्याला किती गुण दिले असं एका सहकाऱ्यानं विचारलं. गुण दिले नाहीत. खाली फक्त तारीख घातली आणि सही केली.